मिर्सिनीचे बेचाळीस डबे

"नाही देणार," एर्मिओनी म्हणाली.

स्त्रातीसला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. बत्तीस वर्षं गावची बस चालवून त्याचा उजवा कान इंजिनाने खाल्ला होता. म्हणून त्याने डावा कान पुढे केला आणि पुन्हा म्हणाला, "अगं, एक फांदी फक्त. त्या लाल जिरेनियमची. बोटभर."

"ऐकलं मी. बोटभर नाही आणि नखभरही नाही. कॉफी टाकू का?"

आता या बाईला काय म्हणावं? एर्मिओनी त्याची शेजारीण, दोन्ही अंगणांच्या मध्ये एकच भिंत. मिर्सिनी, म्हणजे स्त्रातीसची बायको, जाऊन नऊ महिने झाले होते आणि या नऊ महिन्यांत एर्मिओनीने भिंतीवरून ताट दिलं नाही असा एक दिवस गेला नव्हता. सोमवारी मसूर, बुधवारी पालकाचा भात, रविवारी कोंबडी. त्याच्या शर्टाची बटणं तिने लावली, त्याला ताप आला तेव्हा उशाशी ती बसली. आणि तीच बाई आज एका काडीसाठी तोंड फिरवत होती. बरं, स्त्रातीस काही हात हलवत आला नव्हता. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, मितिलिनी शहराच्या बाजारातून बदामाच्या वड्यांचा खोका घेऊन तो रीतसर मागायला आला होता.

"तुझं झुडूप नुसतं माजलंय," तो म्हणाला. "भिंतीवरून माझ्या अंगणात वाकून बघतंय."

"बघू दे. वाकायला मी कधी कुणाला आडकाठी केली?" असं म्हणून एर्मिओनीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. त्याला काहीतरी समजायला हवं होतं आणि ते समजत नव्हतं, असा तिचा चेहरा झाला. स्त्रातीसला खरंच काही समजलं नाही. तो उठला आणि घरी आला. बदामाच्या वड्या मात्र तिने ठेवून घेतल्या.

घरी येऊन तो अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसला आणि समोरच्या डब्यांकडे बघत राहिला. बेचाळीस डबे. ऑलिव्ह तेलाचे, चीजचे, खारवलेल्या मासळीचे. मिर्सिनीने एकेक जमवून, तळाला खिळ्याने भोकं पाडून, निळा रंग देऊन भिंतीशी तीन ओळींत मांडलेले. गेल्या जूनमध्ये एका सकाळी याच अंगणात हातात झारी असताना ती खाली बसली, ती उठली नाही. त्यानंतर स्त्रातीसने मनाशी एकच ठरवलं, अंगण जसं आहे तसं राहिलं पाहिजे. रोज सकाळी सातच्या ठोक्याला डब्यामागे एक तांब्या पाणी. उन्हाळा उत्तम गेला. येणारेजाणारे फाटकाशी थांबून म्हणायचे, वा स्त्रातीस, मिर्सिनी असती तर खूश झाली असती. मग हिवाळा आला, पाऊस आला, दोन दिवस बर्फही पडलं. स्त्रातीसने पावसात बस कधी चुकवली नव्हती. त्याने पाणीही चुकवलं नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत बेचाळीस डब्यांत बेचाळीस काळे खुंट उरले, आणि हात लावला की तेही मऊ लागत.

"पाणी म्हणजे तुझी बस नव्हे, रोज ठरल्या वेळेला आणायला," एर्मिओनीने तेव्हा त्याला सुनावलं होतं. "बुडवून मारलंस तू त्यांना."

"सगळ्यांना? ती गोल तुळससुद्धा?"

"तुळस दर हिवाळ्यात आपली आपणच मरते, गाढवा. पन्नास वर्षं या अंगणात राहिलास आणि एवढं माहीत नाही? तेवढी सोडली तर बाकीच्यांचं पाप तुझ्या डोक्यावर."

पाप तर पाप, पण जूनचा पहिला रविवार डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्या दिवशी मिर्सिनीचं वर्ष. चर्चमध्ये प्रार्थना व्हायची, साखर पेरलेले उकडलेले गहू वाटायचे, आणि मग अख्खं गाव कॉफीला आणि घोटभर ब्रँडीला घरी येऊन अंगणात बसायचं. मिर्सिनीच्या अंगणात. समोर बेचाळीस डबे चिखलाचे. त्याला लाज वाटत होती हे खरं, पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. बाई एकदा गेली, ती देवाची मर्जी. आता दुसऱ्यांदा जात होती ती त्याच्या हातून.

म्हणून तो मागत सुटला. सहा घरं झाली. सहाही घरांत तेच, फांदी नाही, कॉफी घे. सहा कॉफ्या पोटात गेल्यावर त्याला दोन दिवस झोप लागली नाही.

शेवटी तो चौकातल्या प्रोद्रोमोसच्या कॉफीच्या दुकानात गेला. प्रोद्रोमोस त्याचा शाळेपासूनचा सोबती. स्त्रातीसने सगळी हकिगत सांगितली, गावाची माणुसकी आटली असं म्हणाला, आणि सातवी कॉफी बाजूला सारली.

प्रोद्रोमोस हातातला पेला पुसायचा थांबला. "तू मागितलीस? दारात उभा राहून? तोंडाने?"

"मग कशाने मागतात?"

"मागत नसतात रे बाबा. फांदी चोरायची असते. दिलेली फांदी लागत नाही, चोरलेलीच लागते. हे माझ्या दुकानातल्या मांजरालाही माहीत आहे."

"मग एर्मिओनीने तसं सांगायचं ना."

"काय सांगायचं? 'ये आणि चोर' असं? ते देणंच झालं की. परवानगी काढून चोरी करणारा तू पहिलाच."

बाकीच्या टेबलांवर लोक पत्ते खाली ठेवून ऐकत होते.

"मिर्सिनीने कधी असलं काही केलं नाही," स्त्रातीस म्हणाला.

यावर दुकानात जो हशा पिकला तो बराच वेळ थांबला नाही. "मिर्सिनी?" प्रोद्रोमोस डोळे पुसत म्हणाला. "लेका, तुझी बायको या गावातली अव्वल चोर होती. तुझे डबे काय आभाळातून भरले होते? माझी बायको कलिओपी तर मिर्सिनी येऊन गेली की फांद्या मोजायची. आणि कमी भरल्या की खूश व्हायची."

स्त्रातीसला मग एकेक आठवायला लागलं. बारसं असो, लग्न असो, परत येताना मिर्सिनीची पिशवी छातीशी घट्ट धरलेली असायची, आणि तो घ्यायला गेला की ती म्हणायची, हात लावू नकोस. बस चालवण्याच्या नादात आपण बायकोचा केवढा मोठा धंदा बघायचा विसरलो, याचं त्याला वाईटही वाटलं आणि हसूही आलं.

आता चोरी कधी करायची? दुपारी तीन ते पाच गाव झोपतं. खिडक्यांच्या फळ्या ओढलेल्या, गल्लीत चिटपाखरू नाही, कुत्रीसुद्धा सावलीला आडवी. हीच ती वेळ. दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी स्त्रातीस मिर्सिनीची कात्री खिशात आणि ओला कागद पावाच्या पिशवीत घालून बाहेर पडला. एर्मिओनीचं फाटक ढकललं, लाल जिरेनियमची बोटभर फांदी कापली आणि घरी येऊन दार लावून घेतलं. आयुष्यात त्याने एकाही माणसाला फुकट बसू दिलं नव्हतं, स्वतःच्या सासऱ्यालासुद्धा तिकीट फाडलं होतं. आणि आता या वयात हे.

पण फांदी डब्यात खोचली आणि हात धुताना त्याच्या लक्षात आलं, आपण शीळ घालतोय.

चोर झाला तरी ड्रायव्हर तो ड्रायव्हरच. त्याने कागदावर गल्ल्यांचा नकाशा काढला, थांबे ठरवले. वरच्या गल्लीतून सुरुवात, मग चर्च, मग खालची गल्ली. दिवसाला एक थांबा, वेळ तीन दहा. तीनला नाही की सव्वातीनला नाही. त्यामुळे व्हायचं तेच झालं. आठवड्याभरात गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळलं, उद्या स्त्रातीस कुणाकडे चोरीला येणार. पण स्वतः स्त्रातीसला मात्र याचा पत्ता नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं, की गावातल्या बायका फार विसरभोळ्या झाल्यात.

"मला काळजी वाटते रे," तो प्रोद्रोमोसला म्हणाला. "काल त्या शिंपिणीकडे गेलो, तर उंचावरच्या कुंडीखाली स्टूल विसरलेलं. परवा एकीकडे फाटक सताड उघडं. धारदार कात्री तर चार घरांत भिंतीवर पडलेली दिसली. वय झालं रे सगळ्यांचं."

प्रोद्रोमोसला ठसका लागला. "हो, वय झालं खरं," तो कसाबसा म्हणाला.

"आणि तुझी कलिओपी, खरं सांगू का, डॉक्टरला दाखव. अंगणात खुर्चीवर बसून झोपली होती. इतकं घोरत होती की मला फांदी कापल्याचा आवाज ऐकू आला नाही. बत्तीस वर्षं माझ्या बसमध्ये बसली, कधी घोरली नाही."

"दाखवतो," प्रोद्रोमोस म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही.

एप्रिल संपत आला तेव्हा चाळीस डब्यांत चाळीस फांद्या उभ्या होत्या. एर्मिओनीने पाण्याचं तंत्र शिकवलं होतं, मातीत बोट घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. शिकवायला तिची हरकत नव्हती, शिकवणं म्हणजे देणं नव्हे. एकेक फांदी जीव धरत होती, कोवळी पानं फुटत होती. एका डब्यात तुळशीचं बी टाकायचं होतं. आणि एक डबा, नळाजवळचा, तेलाचा मोठा, तेवढा रिकामा होता. तो आर्बारोरिझाचा.

आर्बारोरिझा म्हणजे तसं जिरेनियमच, पण त्याच्या फुलाला कुणी विचारत नाही. सगळं मोल पानाचं. पान चुरगाळलं की गुलाबाचा वास. शरदात फळांचा मुरांबा करताना त्यात एक पान पडलंच पाहिजे. मिर्सिनीची आजी समुद्रापलीकडून घरदार सोडून आली तेव्हा तिने हे रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. मिर्सिनीने ते पन्नास वर्षं सांभाळलं. रोज पहाटे स्त्रातीस पहिल्या बसला निघाला की ती एक पान तोडायची, बोटांत चुरायची आणि ती बोटं त्याच्या कॉलरला पुसायची. गावातले लोक म्हणायचे, आमची बस डिझेलवर नाही, गुलाबपाण्यावर चालते. हा डबा रिकामा राहिला तर बाकीचे एक्केचाळीस भरून काय उपयोग, असं स्त्रातीसला वाटे. आणि बर्फ पडलं त्या हिवाळ्यात गावातली सगळी आर्बारोरिझाची झाडं गेली होती. उरलं होतं एकच, ते पोलिक्सेनीकडे.

इथेच गाडी अडली. पोलिक्सेनी मिर्सिनीशी नऊ वर्षं बोलली नव्हती.

कारण म्हटलं तर काहीच नाही, निदान स्त्रातीसला इतकी वर्षं तसंच वाटत होतं, चोरीचा रिवाज कळल्यावर आता कुठे त्याचा अर्थ लागला. एका दुपारी पोलिक्सेनी मिर्सिनीच्या अंगणात चोरीला आली, या आर्बारोरिझाशी वाकली, आणि नेमकी मिर्सिनी खिडकीशी आली. अशा वेळी घरच्या बाईने आंधळं व्हायचं, मागे सरायचं. पण मिर्सिनी पडली मोकळ्या स्वभावाची. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं ती नको, ती किडकी आहे. ती मोठी घे." झालं. पोलिक्सेनीला चोरताना पकडलं ते पकडलं, वर भिकाऱ्यासारखं दान केलं. तिने हातातली फांदी तिथेच टाकली आणि तोंड लाल करून निघून गेली. आठवड्याने झुडपाची दुसरी एक फांदी नाहीशी झाली, ती कुणी नेली हे मिर्सिनीला विचारावं लागलं नाही. पण बोलणं तुटलं ते तुटलंच. मिर्सिनीने ईस्टरचा पाव पाठवला, तो तसाच परत आला. बसमध्ये पोलिक्सेनी ड्रायव्हरला नमस्कार करायची, मिर्सिनीच्या नवऱ्याला नाही. स्त्रातीस निवृत्त झाला तसा तो नमस्कारही बंद झाला. मिर्सिनीला शेवटचा निरोप द्यायला ती चर्चमध्ये आली होती, पण मागच्या खांबाशी उभी राहून तशीच परत गेली.

तिच्या अंगणाला पुरुषभर भिंत आणि लोखंडी फाटक, आतून कडी. स्त्रातीस तीन दिवस ओळीने तीन दहाला त्या फाटकाशी गेला आणि तीन दिवस परत आला. एर्मिओनी म्हणाली, जाऊ दे, एक डबा रिकामा दिसला म्हणून काय बिघडतं? चौथ्या दिवशी त्याने फाटकाऐवजी बाजूच्या गल्लीतून भिंत गाठली आणि खाली फळांचा खोका ठेवून वर चढला.

चढणं जमलं. उतरणं त्याने पडण्यावर सोडलं. तो कोंबड्यांच्या गवतात पाठीवर पडला, पाचसहा कोंबड्या बोंबलत उडाल्या, आणि उठून शर्ट झटकतो तर समोर तीन पावलांवर बुटक्या स्टुलावर पोलिक्सेनी शेंगा सोलत बसलेली. तिला दुपारची झोप येत नव्हती, ही गोष्ट त्याच्या नकाशात नव्हती.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हातात कात्री होती. नऊ वर्षांत दोघं पहिल्यांदाच अशी समोरासमोर आली होती आणि बोलायची सोय नव्हती. पळून जावं तर गुडघा वाजत होता.

मग पोलिक्सेनीने मान वळवली आणि एका ठिपकेवाल्या कोंबडीला म्हणाली, "काय गं, भल्या घरची माणसं भिंतीवरून येतात का? या वयात हाड मोडलं असतं म्हणजे?"

कोंबडीने मान तिरकी केली. स्त्रातीसनेही.

"आणि आलीस तर अशी ठोंब्यासारखी उभी का राहिलीस?" पोलिक्सेनी कोंबडीला विचारत होती. "मी शेंगा सोलतेय. मला मेलीला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही."

स्त्रातीस लंगडत विहिरीच्या कट्ट्यापर्यंत गेला. कमरेएवढं झुडूप होतं. नुसता हात लागला आणि तो वास आला. त्याला पहाटेचा अंधार आठवला, दारातली मिर्सिनी, कॉलरवरची तिची थंड बोटं. डोळ्यांत पाणी आलं, समोरचं नीट दिसेना, आणि हाताला जी पहिली फांदी लागली तिला त्याने कात्री लावली.

"अरे ती नको, ती किडकी आहे. ती मोठी..."

वाक्य तिथेच तुटलं. स्त्रातीस वळला. पोलिक्सेनीने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते आणि शेंगांचं पातेलं मांडीवरून खाली पडून दाणे सगळीकडे पसरले होते. कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडल्या. तिने त्यांना हाकललंसुद्धा नाही.

आधी तिचे खांदे हलले. मग पोटातून हसू आलं, थांबेना, आणि हसता हसता ती रडायला लागली.

"तोंडातून निघूनच गेलं बघ," ती म्हणाली, आणि या वेळी कोंबडीला नाही. "नऊ वर्षं मी त्या बाईला शिव्या घातल्या. आणि हे असं नुसतं निघूनच जातं."

"ती म्हणायची, मी जीभ चावायला हवी होती," स्त्रातीस म्हणाला.

"असं म्हणायची?"

"दर ईस्टरला. पाव भाजताना."

पोलिक्सेनीने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. मग नाक पुसून उठली आणि फाटकाची कडी काढली. "जा आता, या बाजूने जा. आणि ती मोठीच घे, पण लागायची नाही. मी बोलले ना."

त्याने मोठी घेतली. आणि खरंच, ती लागायचं नाव घेईना. चार दिवसांत पानं पिवळी पडली, आठव्या दिवशी गळाली. राहिली नुसती काडी. कॉफीच्या दुकानात या काडीवरून दोन तट पडले. प्रोद्रोमोसचं म्हणणं, पोलिक्सेनी 'ती मोठी' एवढंच म्हणाली, 'घे' म्हणाली नाही, तेव्हा दान पुरं झालं नाही. दुसरे म्हणाले, जाताना फाटकाशी 'घे' म्हणाली की. त्यावर प्रोद्रोमोस म्हणाला, ते चोरी झाल्यानंतरचं बोलणं, ते धरायचं नसतं. 'अरे पण फांदी तर त्यानंतर कापली,' कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. हा वाद पंधरा दिवस चालला. पाद्रीबुवांनाही विचारलं, तर ते म्हणाले मला यात ओढू नका, माझी जाई एर्मिओनीकडची आहे.

स्त्रातीस वादात पडला नाही. तो रोज त्या डब्यात बोट घालून माती चाचपायचा आणि काडीकडे बघत बसायचा. कडी काढून वाट दाखवलेल्या घरात पुन्हा चोरायला जाणं त्याला जमलं नसतं. रविवारला तेरा दिवस उरले असताना एका सकाळी काडीच्या कडेला मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी हिरवं दिसलं. त्याने चष्मा आणला. चष्मा लावूनही ते हिरवंच होतं. त्याने दृष्ट लागू नये म्हणून त्याच्यावर तीनदा थुथू केलं, भिंतीशी गेला आणि एर्मिओनीला हाक मारली. तिने भिंतीवरून डोकावून पाहिलं, आत गेली, आणि त्या दिवशी ताटात दोन कोफ्ते जास्त आले.

जूनचा पहिला रविवार उजाडला. शोकाचं वर्ष पुरं झालं, आता अंगणाला चुना चालतो म्हणून स्त्रातीसने आदल्या दिवशी फरशांच्या सांध्यांना चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. चर्चमधून लोक आले, द्राक्षाच्या मांडवाखाली आणि लिंबाखाली दाटीवाटीने बसले. देव तिच्या आत्म्याला शांती देवो, असं म्हणत एकेकाने ब्रँडीचा पेला ओठाला लावला. "तिची आठवण काढायला तुला उदंड आयुष्य मिळो," असं म्हणून पाद्रीबुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बेचाळीस डबे भिंतीशी तीन ओळींत उभे होते, वर लाल, पांढरा, गुलाबी रंग. फुलं मिर्सिनीच्या वेळेइतकी नव्हती, पण होती. त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बायका नुसत्या ओळींवरून नजर फिरवायच्या, आपल्या घरचं झाड दिसलं की जरा थबकायच्या, आणि पुढे जायच्या.

एर्मिओनीला तेवढं राहवलं नाही. "हे लाल कुठून आणलंस रे?"

"चोरलं."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि गहू खाऊ लागली.

पोलिक्सेनी सगळ्यांत उशिरा आली. काळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. नऊ वर्षांनी या फाटकातून आत येताना तिचं पाऊल जरा अडखळलं. कुणी वळून पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. ती अंगणातल्या पावाच्या भट्टीजवळच्या खुर्चीवर बसली, गहू खाल्ले, स्त्रातीसला "नमस्कार" म्हणाली. ड्रायव्हरला नाही, मिर्सिनीच्या नवऱ्याला. स्त्रातीसला एकदम इतकं भरून आलं की तो कॉफी आणायच्या निमित्ताने आत गेला.

बाहेर लोक उठायला लागले होते. खुर्च्या सरकल्या, फाटकाशी निरोपाचं बोलणं सुरू झालं. स्त्रातीसने उरलेल्या पाच-सहा जणांसाठी कॉफी केली आणि ट्रे घेऊन दारात आला.

पोलिक्सेनी नळाजवळ उभी होती. एकटी. बाकीचे सगळे पाठमोरे, फाटकाकडे तोंड केलेले. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तिच्या घरी याच झाडाचं कमरेएवढं झुडूप होतं, तिला कशाची वाण होती? तरी ती वाकली. त्या वीतभर रोपाला मोजून सात पानं होती आणि एकुलता एक शेंडा. तिची बोटं त्या शेंड्याकडे गेली.

स्त्रातीसचं तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आले होते.

त्याने जीभ चावली. मग आवाज न करता मागे फिरला, स्वयंपाकघरात गेला, आणि ट्रे हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कॉफीवरचा फेस बसला. कॉफी गार झाली. बाहेरून पोलिक्सेनीच्या पावलांचा आवाज फाटकापर्यंत गेला आणि फाटक लागलं, तरी तो आणखी थोडा वेळ तसाच उभा होता.